टिलरच्या आधी ब्रश कटर
एक एकर जमिनीसाठी आधी पॉवर टिलर (माती भुसभुशीत करायचं छोटं यंत्र) घ्या, असं काही जण सुचवतात, ते मला पटत नाही. आम्ही ठाण्याहून शनिवार-रविवार मुरबाडच्या जमिनीवर जातो. पावसाळ्यात तिथे गवत कमरेला लागतं. त्यात टिलर घातला की पात्यांना ओलं गवत गुंडाळतं, अर्धा दिवस ते सोडवण्यात जातो. आधी ब्रश कटर, म्हणजे हातात धरून गवत कापायचं यंत्र घ्या, तोही फोर-स्ट्रोक इंजिनचा, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं काम राहत नाही. टिलर भाड्यानेही चालतो.

मात्र कलमांजवळ ब्रश कटरची गवत कापणारी नायलॉनची दोरी फिरवू नका. आमच्या दोन वर्षांच्या हापूसची बुंध्याकडची साल तिने गोल सोलली. पानं हिरवी होती म्हणून कळलंच नाही, दिवाळीपर्यंत झाड वाळलं. फार जीव तुटला. आता बुंध्याभोवतीचं हातभर गवत विळ्यानेच काढतो.