नव्या कामगार संहितेत फ्रीलान्सर नेमका कुठे बसतो?

मृण्मयी_पुणे
मी इंग्रजी-मराठी भाषांतर आणि सबटायटलिंग करते. नोकरी सोडून बरीच वर्षं झाली. चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्या अशी: मालक-नोकर या पारंपरिक नात्याबाहेर राहून काम करून कमावणारी व्यक्ती. त्यात मी बसते. पण या कामगारांच्या सामाजिक सुरक्षा निधीत पैसे भरायचे ते अ‍ॅग्रिगेटरनी, म्हणजे प्लॅटफॉर्मवाल्या कंपन्यांनी: उलाढालीच्या १ ते २ टक्के, आणि कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंतच. संहितेच्या सातव्या परिशिष्टात टॅक्सी आणि डिलिव्हरीच्या जोडीला कंटेंट-मीडिया सेवाही आहेत, पण मध्ये प्लॅटफॉर्म असेल तरच. मला काम थेट मेलवर येतं, प्रकाशनाकडून किंवा जाहिरात एजन्सीकडून. त्यांच्यावर काहीच जबाबदारी नाही. ज्यांचं वर्षभराचं काम बाहेरच्या माणसांवर चालतं, त्यांनीही वाटा उचललाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

साधा_उद्योजक
ताई, पूर्ण असहमत. माझी चार जणांची डिझाइन एजन्सी आहे. तुम्ही म्हणता तसा कायदा आला तर मी बाहेर काम देणंच कमी करेन, कारण तो हिशेब ठेवायला माझ्याकडे माणूस नाही. कॅलिफोर्नियात काय झालं ते बघा. १ जानेवारी २०२०ला एबी-५ लागू झाला, म्हणजे बाहेरून काम करणाऱ्या बऱ्याच जणांना कर्मचारी धरणारा कायदा. फ्रीलान्स लेखकाने एका प्रकाशनाला वर्षाला ३५ पेक्षा जास्त लेख दिले तर तो कर्मचारी धरला जाण्याची शक्यता होती. व्हॉक्स मीडिया या माध्यम कंपनीने कायदा लागू व्हायच्या आधीच तिथल्या सुमारे २०० फ्रीलान्सरांचे करार संपवायचं जाहीर केलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारला ती ३५ची अट काढावी लागली. तोवर ज्यांची कामं गेली, त्यांचं काय?

मृण्मयी_पुणे
मला कुणाची कर्मचारी व्हायचंच नाही हो! नऊ ते सहा नको म्हणूनच बाहेर पडले. आणि तुमच्यासारख्या चार जणांच्या एजन्सीला यातून वगळा, माझी हरकत नाही. पण मोठ्या कंपन्या कशा वागतात ते सांगते. एका कंपनीचं काम मी जुलैत दिलं. २६एएस, म्हणजे आयकर खात्याकडचा माझा कराचा उतारा, उघडून बघितलं तर माझ्या नावावर टीडीएस जमा झालेला. म्हणजे त्यांच्या वहीत माझं बिल खर्ची पडलं, सरकारचा वाटा सरकारला गेला, आणि मला मात्र दर सोमवारी एकच मेल, ‘अकाउंट्सकडे पाठवलंय’. पैसे आले ते मार्चएंडला. पगारदार माणसाला कोणी असं आठ महिने थांबवतं का?

सीए_सातारा
यासाठी कामगार कायद्याची गरजच नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी करा, फुकट होते. छोट्या उद्योगांसाठीच्या एमएसएमई कायदा २००६ प्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. शिवाय आयकराच्या नियमामुळे मुदतीत पैसे न देणाऱ्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा करता येत नाही. मात्र नोंदणी काम घेण्याआधीची हवी, नंतर केलीत तर वाद निघतो.

मृण्मयी_पुणे
नोंदणी आहे माझी. पण तक्रार माझ्याच नावाने जाणार ना? या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात. एकदा ‘कटकटी’ असा शिक्का बसला की फोन यायचे थांबतात.

हडसनकाठ
मी न्यूयॉर्कमध्ये इलस्ट्रेटर आहे. इथे शहराचा फ्रीलान्सरांसाठी वेगळा कायदा २०१७ पासून आहे, आता राज्याचाही झालाय. ८०० डॉलर किंवा त्याहून जास्तीचं काम असेल तर लेखी करार सक्तीचा. त्यात तारीख नसेल तर काम झाल्यापासून ३० दिवसांत पैसे. तक्रार केली म्हणून सूड घ्यायलाही बंदी आहे. यात कुणाला कर्मचारी ठरवावं लागत नाही. सूड सिद्ध करणं सोपं नसतं, हे मात्र खरं. तरी पहिल्याच मेलमध्ये करार मागताना आता संकोच वाटत नाही, कारण तो मी मागत नाही, कायदा मागतो.

साधा_उद्योजक
लेखी कराराला माझा पूर्ण पाठिंबा. उद्या सक्ती करा. मलाही वरचे क्लायंट असेच लटकवतात. पण निधीचं ओझं नको. फ्रीलान्सरचा रेट असतो त्यातच त्याच्या विम्याचे, म्हातारपणाचे पैसे धरलेले असतात.

मृण्मयी_पुणे
कुठे धरलेले असतात? भाषांतराचा रेट शब्दामागे पैशांत ठरतो, आणि ‘आमचं बजेट एवढंच’ म्हणून तोही तुमच्या बाजूनेच ठरतो. माझ्याबरोबरीच्या एका मैत्रिणीला मनगटाचं ऑपरेशन करावं लागलं. दोन महिने टायपिंग बंद म्हणजे दोन महिने शून्य कमाई. कराराने तिचं बिल वेळेवर आलं असतं, पण ज्या महिन्यात बिलच नाही त्या महिन्याचं काय? म्हणून मला दोन्ही हवंय. आधी लेखी करार येऊ दे, पण निधीची मागणी मी सोडणार नाही.