गोधडीचे टाके 'काढतात' की 'घालतात'?

सुईदोरा: आईच्या पोटाचं ऑपरेशन झालंय. आता घरी आहे. तिला एकटं सोडवत नाही आणि नुसतं बसवतही नाही, म्हणून तिच्याजवळ बसून जुन्या सुती साड्यांची गोधडी शिवतेय. मावशीला फोनवर म्हटलं, "दोन ओळी टाके काढून झाले," तर ती घाबरलीच. "इतक्यात कसे काढले? डॉक्टर काय म्हणाले?" मग ऐकवलं की टाके घालतात, काढतात ते जखमेचे. आमच्या आजीच्या तोंडी मात्र गोधडीलाही 'टाके काढणं'च होतं. कशिदा काढतो, रांगोळी काढतो, तसं. तुम्ही काय म्हणता?

अर्धविराम: मावशींचं बरोबर आहे. टाका घालतात किंवा मारतात. 'काढणे' नक्षीला. टाका हे साधन, त्यातून उमटते ती नक्षी. जखमेला तर टाके 'पडतात', घालणाऱ्याचं नावच नाही.

वहिवाट: अजिबात पटत नाही. धावदोरा कडेने सुरू होतो, कोपऱ्यावर वळतो, चौकोनात चौकोन करत मधोमध येऊन संपतो. ही नक्षी नाही तर काय? आजी म्हणायची ना, मग ते मराठीच.

बोरू: मुळात या टाक्याला वेगळा शब्द आहे, नगंदा. कापूस एका जागी गोळा होऊ नये म्हणून रजईला दूरदूर मारलेले टाके ते नगंदे. क्रियापद नगंदणे. वापरलं नाही तर मरेल हो. क्विल्टिंगला याहून नेमका शब्द नाही.

सुईदोरा: पण यात कापूस नाहीच. साड्यांचेच पदर एकावर एक, वरून दाट धावदोरा. नगंदा चालेल का?

अर्धविराम: नगंदा फारसीतून आलेला. 'धावदोरा घालणे' आपलं असताना तो कशाला? आणि ताई, 'ऑपरेशन'ऐवजी 'शस्त्रक्रिया' लिहायला काय हरकत होती?

वहिवाट: वर तुम्हीच 'जखम' लिहिलंत. तीही फारसीच. गोधडीचं अस्तरसुद्धा तिकडचंच, ते उसवायचं का? घरात माणूस आजारी असतं तेव्हा तोंडात येतो तो शब्द खरा.

रफू: सुश्रुताकडे जा. त्याच्या आठ शस्त्रकर्मांत एक 'सीवन', आणि आपलं 'शिवणं' त्याच धातूचं. जखम शिवण्याचे त्याने चार प्रकार दिलेत: वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी, ऋजुग्रंथि. 'तुन्न'मध्ये रफूवाल्याचं 'तुणणं' ऐकू येतं की नाही? वैद्य आणि शिंपी पहिल्यापासून एकच भाषा बोलतात. मावशी घाबरल्या यात नवल नाही.

बोरू: सुंदर! मग वाकळही घ्या. वल्कलापासून वाकळ.

अर्धविराम: ऋषींची साल आणि चिंध्यांचं पांघरूण? ओढूनताणून आहे.

बोरू: ध्वनी चोख बसतात. वल्कल, प्राकृतात वक्कल, जोडाक्षर सुटलं की आधीचा स्वर दीर्घ, शेवटच्या 'ल'चा 'ळ'. वाकळ.

अर्धविराम: ध्वनी बसले, अर्थाचं काय? चौघडी, दुपटं यांत घड्या आणि पदर उघड दिसतात. वाकळेत साल कुठे दिसते?

वहिवाट: थरांत! साल थराथरांची, वाकळही थराथरांची.

सुईदोरा: आईला सगळं वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, गोधडीला टाके नसतातच, 'दोरे' असतात. "दोरे भरले" म्हणायचं, म्हणजे कुणी घाबरणार नाही. हसली तर पोटाला ताण पडतो, म्हणून हात धरून हसली.

रफू: त्यांना म्हणावं, 'दोरे भरणे' लिहून घेतलंय. हसताना पोटाशी उशी घट्ट धरू दे, आधार मिळतो. आणि जाड गोधडी सध्या पायांवरच टाका, टाक्यांवर भार नको.

वहिवाट: बघा, "टाक्यांवर"! कुठल्या?

बोरू: ते राहू द्या. वक्कल मान्य आहे की नाही, तेवढं सांगा.

अर्धविराम: ध्वनीपुरतं. थरांचं नाही.