सॅक पाठीवर नकोच

बाइकवरून लांब जाताना सगळं सामान सॅकमध्ये भरून पाठीवर घ्या, असं एकानं म्हटलंय. नागपुरात मे महिन्यात करून पाहा म्हणावं! पारा ४५ च्या घरात, पाठ घामानं चिंब, रामटेक येईस्तोवर खांदे भरून येतात. त्यापेक्षा सॅडल बॅग, म्हणजे सीटच्या दोन्ही बाजूंना लटकणारी जोडबॅग बरी. पाने-पक्कड, ट्यूबलेसचं पंक्चर किट असं जड सामान तळाशी, दोन्ही बाजूंना सारखं. रेनकोट मात्र सगळ्यात वर. पाऊस आल्यावर रस्त्याच्या कडेला अख्खी बॅग कोण उपसणार? दुपट्टा, पाणी, ओआरएसची पुडी हाताशी. पॉवर बँक टाकीवर उन्हात नको, तापते. आरसी-लायसन्स डिजीलॉकरमध्ये चालतं. आणि बंजी कॉर्डचं (सामान बांधायच्या ताणल्या जाणाऱ्या दोरीचं) टोक लोंबत ठेवू नका, मागच्या चाकात गेलं तर गाडी जागीच अडकते.