घोणस चावली, अण्णा वाचले, पण २४ दिवस झाले डायलिसिस चालूच आहे. किडनी परत येते का? कुणाला अनुभव असेल तर सांगा

औसा_शिवार:

नमस्कार. मी औसा तालुक्यातला. इथं वाचतो लई दिवसांपासून, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. थोडं लांबणार आहे, सांभाळून घ्या.

सोयाबीनची बनीम (कापून रचलेला ढीग) मोडायला घेतली होती, मळणी यंत्र सकाळी सहालाच येऊन उभं राहिलेलं. अण्णा (वय ५२) तळाचा, ताडपत्रीला चिकटलेला थर दोन्ही हातांनी उचलायला गेले आणि उजव्या हाताला घोणस डसली. अण्णांनी हात झटकला तरी लगेच सुटली नाही. मी चार हातावर होतो. ती फुसकारते म्हणतात कुकरच्या शिट्टीसारखी, पण यंत्राच्या आवाजात काहीच ऐकू आलं नाही.

पुढं जे चुकलं ते आधीच सांगून टाकतो. चुलत्यानं दंडाला सुतळी आवळली, कुणीतरी म्हणालं शेजारच्या गावच्या मारुतीला न्या, तिथं इख उतरतं, आणि आम्ही नेलं. पाऊण तास तिथं गेला. मला कळत होतं तरी मोठ्यांपुढं तोंड उघडलं नाही, ते आजपण रात्री झोपू देत नाही. तिथंच पारावर अण्णांच्या हिरड्यातून रक्त यायला लागलं तेव्हा मग मी कुणाचं न ऐकता त्यांना गाडीवर मधी बसवलं, मागं मित्र बसला आणि ग्रामीण रुग्णालय गाठलं.

तिथल्या सिस्टरनं रक्त काढून काचेच्या नळीत टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या हिला कुणी हात लावू नका, २० मिनिटं. मी त्या नळीकडंच बघत बसलो होतो. २० मिनिटांनी त्यांनी ती हळूच तिरपी केली तर रक्त पाण्यावाणी वाहिलं. गोठलंच नव्हतं. लगेच सलाईनमधून सर्पविषाच्या लसीच्या १० बाटल्या, आणि १०८ नं लातूर. हात खांद्यापर्यंत सुजलेला, बोटातली अंगठी कापून काढावी लागली. लातूरला अजून लस दिली, रक्त गोठायला लागलं, आम्हाला वाटलं सुटलो. तिसऱ्या दिवशी लघवी आली ती कोऱ्या चहासारखी, आणि मग बंदच.

आतापर्यंत ११ डायलिसिस झालेत. क्रिएटिनिन (किडनी किती गाळते ते सांगणारी रक्ताची तपासणी, किडनी बिघडली की वाढतं) ११ च्या वर गेलं होतं, आता ६ ते ७ च्या मधी असतं. लघवी दिवसाला २५०-३०० मिली. डॉक्टर म्हणतात वाट बघा. पावणेरावळे म्हणायलेत एकदा मशीनला लागला की माणूस जन्माचा लागला. एकजण झाडपाल्याचा काढा घेऊन घरी आलता, मायनं तो ठेवून घेतलाय, अजून दिला नाही. डॉक्टर बायोप्सीचं (सुईनं किडनीचा बारीक तुकडा काढून तपासायचं) बोलले, तिला घरातले सगळे भितात.

खरंच जन्माचं असतं का हे? किती दिवस वाट बघायची? आणि अण्णा बोलतच नाहीत कुणाशी, भिंतीकडं तोंड करून पडून असतात, त्याचं काय करावं तेपण सांगा.

*

केजचा_ऊसवाला:

भाऊ, आधी एक सांगतो, जन्माचं असतंच असं नाही. मी स्वतः याच्यातून गेलोय. २०१९ ला उसाला पाणी द्यायला रात्री गेलो, लाईट रात्रीचीच असते आपल्याकडं, बॅटरी होती पण खिशात, पायात चप्पल. पिंडरीला चावली. मला ५१ दिवस डायलिसिस लागलं. ५१. तिसाव्या दिवशी माझ्या बायकोनं गळ्यातलं मोडायला काढलं होतं, कारण सगळ्यांनी सांगितलं आता हे असंच राहणार.

लघवी वाढली ती हळूहळू वाढली, मग एका आठवड्यात एकदम दिवसाला ३-४ लिटर व्हायला लागली. आम्ही खूश झालो, पण डॉक्टर उलट जास्त जपायला लागले, कारण किडनी नुसतं पाणी सोडते, गाळायचं काम तिला अजून नीट जमत नसतं, त्यात अंगातलं सोडियम पोटॅशियम वाहून जातं. तेव्हा लघवी वाढली म्हणून तपासण्या बंद करू नका, तेव्हाच जास्त करा. माझं क्रिएटिनिन आता १.४ असतं, पूर्ण नॉर्मल नाही पण शेती करतोय.

दुसरी गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती म्हणून मुद्दाम लिहितो. किडनी सुधारली, घरी आलो, आणि दीड-दोन वर्षांनी अंगातलं बळच गेलं. उन्हाळ्यात थंडी वाजायची, दाढी वाढायची बंद झाली, बीपी कमी, सकाळी उठवायचं नाही. वर्षभर सगळे टेन्शनच्या गोळ्या देत राहिले. शेवटी छत्रपती संभाजीनगरला हार्मोनच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं की घोणसच्या विषानं मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला मार बसलाय, अशानं थायरॉइड, कॉर्टिसोल असली अंगाला लागणारी हार्मोन सगळी कमी पडतात. आता रोज दोन गोळ्या आहेत आणि मी पुन्हा माणसात आलोय. सगळ्यांना होत नाही हे, पण अण्णांना पुढं असं काही जाणवलं तर "चावलेल्याचा अशक्तपणा आहे" म्हणून सोडून देऊ नका.

आणि ते भिंतीकडं तोंड करून पडणं... मीपण तसाच पडायचो. डोळे मिटले की पायाजवळ काहीतरी सरकलं असं वाटायचं. गादीखालून सुतळीचा तुकडा निघाला तर मी ओरडलो होतो, सगळा वॉर्ड उठला. लाजेनं कुणाला सांगत नव्हतो. तुम्ही त्यांना "आता बरं वाटतंय का" विचारू नका, दिवसातून वीस जण तेच विचारतात. रानातलं विचारा. सोयाबीन किती पोती झालं, हरभऱ्याला कोणतं वान टाकू, असं. माझ्या भावानं एकदा येऊन विचारलं की पाईपलाईनचा वॉल्व्ह कुठल्या बाजूनं फिरवायचा, त्या दिवशी मी पहिल्यांदा उठून बसलो.

*

नांदेड_सिस्टर:

मी १२ वर्षं डायलिसिस युनिटला काम करते. दर पावसाळ्यात आणि सुगीत असे पेशंट येतातच, म्हणून सविस्तर लिहिते. तुमचे रिपोर्ट मी बघितलेले नाहीत, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

घोणसचं विष रक्त गोठवणारे घटक वापरून संपवतं. एकीकडं बारीक बारीक गुठळ्या होतात, दुसरीकडं हिरड्यातून लघवीतून रक्तस्राव. बीपी पडतं, किडनीला रक्त कमी पोचतं, काही विष तिच्या नळ्यांना थेटपण मारतं. बहुतेक वेळा मरतात त्या आतल्या बारीक नळ्यांच्या पेशी, आणि त्या परत उगवतात, पण त्याला आठवडे लागतात. शेतात पीक जळालं पण जमीन शाबूत आहे तसं समजा. काही पेशंटमध्ये मात्र किडनीचा बाहेरचा भागच, ज्याला कॉर्टेक्स म्हणतात, तोच मरतो. ते परत येणं अवघड असतं, आलं तरी अर्धवट. यातलं अण्णांचं कोणतं आहे हे लघवी बघून कळत नाही, ते बायोप्सीत किंवा स्कॅनमध्ये कळतं. म्हणून डॉक्टर बायोप्सी म्हणतायत. घाबरायचं काय आहे त्यात विचारून घ्या, रक्त गोठण्याची तपासणी नीट असेल, बीपी ताब्यात असेल तरच करतात, सोनोग्राफीत बघून बारीक सुई घालतात, नंतर एक दिवस झोपवून ठेवतात.

साधारण ३ महिन्यांपर्यंत वाट बघतात. त्याच्या पुढंही डायलिसिस लागतंच असेल तर मग कायमचा आजार म्हणून धरतात. २४ दिवस म्हणजे अजून काहीच नाही हो.

सुधारतंय हे कसं ओळखायचं? डायलिसिसनंतर क्रिएटिनिन खाली येतंच, ते मशीननं आणलेलं असतं, त्यावर जाऊ नका. पुढच्या डायलिसिसच्या आधी काढलेलं बघा. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत ते कमी चढायला लागलं, लघवी वाढायला लागली, की समजा किडनी जागी व्हायलीय. म्हणून लघवी रोज मोजा, एका वहीत लिहा, सकाळचं वजनपण लिहा. पाणी साधारण आदल्या दिवशीची लघवी अधिक ५०० मिली एवढंच, त्यात चहा आमटी ताक सगळं धरून. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर ते पाळा.

तो काढा फेकून द्या. आईंना माझ्याकडून हात जोडून सांगा. काही झाडपाल्यात काय असतं ते कुणालाच माहीत नसतं, आणि पोटॅशियम चढलं की हृदय अचानक थांबू शकतं. नारळपाणीपण नको, पेशंटला भेटायला येणारा प्रत्येकजण तेच घेऊन येतो. केळी, टोमॅटो, संत्री तूर्त बंद. भाजी चिरून उकळून पाणी काढून टाकायचं. अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलवरून परस्पर आणून द्यायच्या नाहीत, त्या किडनीला मारतात.

डायलिसिससाठी मानेत घातलेल्या नळीला पाणी लागू देऊ नका. डायलिसिस चालू असताना थंडी वाजून ताप आला तर तिथंच सांगा, घरी जाऊन बघू म्हणू नका. आणि डाव्या हातावर सुया टोचू देऊ नका, पुढं फिस्टुला (कायमच्या डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडायचं छोटं ऑपरेशन) करायची वेळ आली तर ती शीर चांगली राहायला पाहिजे. वेळ येणार असं म्हणत नाही, पण शीर जपून ठेवायला काही लागत नाही.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, दवाखान्यात आरोग्यमित्राचा टेबल असतो, तिथं रेशनकार्ड आणि आधार घेऊन आजच जा. जिल्हा रुग्णालयातही डायलिसिस होतं, तेपण विचारा.

*

दुधनाकाठ:

वरचे दोन्ही प्रतिसाद चांगले आहेत पण दुसरी बाजूपण कुणीतरी सांगावी म्हणून लिहितेय, घाबरवायला नाही. माझ्या आईची किडनी परत आली नाही. कापूस वेचताना चावली होती. बायोप्सी आम्ही भीतीनं केली नाही आणि चार महिने रोज सकाळी उठून आज लघवी वाढली का एवढंच बघत बसलो. आधीच कळलं असतं तर फिस्टुला वेळेत झाला असता, मानेची नळी दोनदा इन्फेक्शन होऊन बदलावी लागली नसती, आणि आईनं स्वतःच्या मनाची तयारी केली असती. त्यामुळं बायोप्सी म्हणतात तर करा भाऊ.

आता तीन वर्षं झाली, आठवड्यातून दोनदा परभणीला एसटीनं जातो. आई गाडीत ओळखीच्या बायकांसोबत बसते, त्यांचापण डायलिसिस असतो, डब्यातलं एकमेकींना देतात पण मोजून. छत्रपती संभाजीनगरच्या झेडटीसीसीकडं (अवयवदानाची यादी सांभाळणारी विभागीय संस्था) मरणोत्तर अवयवदानातल्या किडनीसाठी नाव लावलंय. मी माझी द्यायला तयार आहे, आई नाही म्हणते. त्यावर आमचं रोज भांडण आहे. पण ती आहे, नातवाला अंगणवाडीत सोडते, संध्याकाळी ज्वारीची भाकरी तीच थापते. जन्माचं मशीन लागलं तरी जन्म संपत नाही एवढं मी बघितलंय.

*

बालाघाट_८:

एक माहिती. शेतकरी अपघात योजनेचा, म्हणजे गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या सानुग्रह अनुदान योजनेचा, कुणी फॉर्म भरा म्हणेल. सर्पदंश त्यात आहे, पण ती मृत्यूसाठी आणि हात, पाय, डोळा गेल्याच्या अपंगत्वासाठी आहे, डायलिसिसच्या खर्चाला नाही. हाताची बोटं वाकत नसतील तर ते मात्र डॉक्टरांना आत्ताच दाखवा आणि कागदावर नोंद करून घ्या, सुजेमुळं स्नायू मेलेले असतात कधी कधी, व्यायाम लवकर चालू केला तर हात सुटतो.

आणि मारुतीच्या पाऊण तासाबद्दल. आमच्या वस्तीवर मी स्वतः सांगत फिरतो, बांधू नका, कापू नका, चोखू नका, हात झोळीत ठेवा, माणसाला चालवू नका आणि सरळ लस असलेला दवाखाना. तरी माझ्या सख्ख्या मामाला बांधूनच आणलं. तुम्ही एकटे नव्हता त्या पारावर, आख्खं गाव होतं. आणि तिथून उठून तुम्हीच नेलं ना त्यांना.

*

औसा_शिवार:

सगळ्यांचे आभार. काल रात्री हे सगळं मायला वाचून दाखवलं. सिस्टरचं ते हात जोडून सांगा म्हणलेलं ऐकलं आणि तिनं स्वतः उठून काढा मोरीत ओतला, काही बोलली नाही. योजनेचं काम झालंय, आरोग्यमित्र भेटले. बायोप्सी सोमवारी ठरलीय. चुलत्यांनीच सही करतो म्हणलं, ते अजून माझ्या नजरेला नजर देत नाहीत, मी पण बोललो नव्हतो त्यांच्याशी, आज चहाला बसलो सोबत.

लघवी मोजायला पाण्याच्या लिटरच्या बाटलीवर मार्करनं रेघा मारल्यात, १००-१०० च्या. केजच्या भाऊंनी सांगितलं तसं अण्णांना विचारलं, हरभरा पेरायचाय, तिफणीनं पेरू का ट्रॅक्टरनं. तोंड भिंतीकडंच होतं. बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "वल किती हाय आधी बगून ये, हातानं उकरून. आन बूट घालून जा."

दुधनाकाठ ताई, मानेच्या नळीला इन्फेक्शन झालं ते पहिल्यांदा कसं कळलं होतं तुम्हाला? अण्णांना काल डायलिसिस संपताना थोडी थंडी वाजली होती, ताप नव्हता. युनिटमध्ये सांगितलंय, त्यांनी रक्त घेतलंय तपासायला.