मदत हवी आहे: हिरव्या त्रिकोणाचं औषध, आप्पा आणि मीठ

नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की डाऊनी या बुरशीसारख्या रोगाच्या धास्तीनं फवारण्या सुरू होतात, पाऊस लागला तर दिवसाआड. आप्पा औषध कालवतात ते नुसत्या हातानं, कोपरापर्यंत बॅरलात, आणि तोच हात पँटला पुसून तंबाखू मळतात. (विषाला औषध म्हणायची आपली सवय पण बघा.) मी आणलेले ग्लोव्हज खुंटीला तसेच लटकलेत. बोललं की पाकीट फिरवून दाखवतात, "हे बघ, हिरवा त्रिकोण हाय. लाल असता तर मी बी भ्यालो असतो."

म्हणून मी जरा वाचलं. तो त्रिकोण एलडी 50 वर ठरतो, म्हणजे उंदरांना एकदाच पोटातून द्यायचं आणि ज्या डोसला निम्मे मरतात तो आकडा, मिलिग्रॅम प्रति किलो वजन. 50 पर्यंत लाल, 500 पर्यंत पिवळा, 5000 पर्यंत निळा, त्याच्या पुढं हिरवा. ही पद्धत ट्रेव्हन नावाच्या माणसानं 1927 मध्ये काढली, ती पण डिजिटॅलिस (हृदयाचं औषध), इन्सुलिन असल्या खऱ्या औषधांची ताकद मोजायला. त्याच्याही आधी 1538 मध्ये पॅरासेल्सस नावाच्या युरोपातल्या वैद्यानं लिहून ठेवलंय की विष सगळ्यातच असतं, मात्रा ठरवते.

आणि इथं मी माती खाल्ली. हे सगळं जेवताना आप्पांना सांगितलं, वर हे पण सांगितलं की मिठाचा आकडा 3000 च्या आसपास येतो म्हणजे मिठाला निळा त्रिकोण लागंल. झालं! आता बॅरलपाशी कोण आलं की "आमचं औषध मिठापेक्षा गरीब हाय".

तर प्रश्न असा की हा आकडा फक्त गिळायचा आहे ना? कातडीतून जातंय, नाकातून जातंय त्याचं काय? आणि रक्ताची काही टेस्ट असते का, फवारणीवाल्यांसाठी?

बेदाणा_शेड: थोडी दुरुस्ती. नियमात कातडीचा पण रकाना आहे, लाल 200 पर्यंत, पिवळा 2000 पर्यंत, निळा 20000 पर्यंत. पण दोन्ही आकडे एका वेळच्या डोसचे. वीस सीझन रोज थोडं थोडं गेलं तर काय, ते त्रिकोण सांगतच नाही. त्याची तपासणी वेगळी असते, जनावरांना महिनोन्महिने खायला घालून. ज्या डोसला काहीच त्रास दिसत नाही तो धरायचा आणि माणसासाठी सहसा त्याचा शंभरावा भाग. तुमच्या टेस्टचं म्हणाल तर कोलिनेस्टरेज या रक्तातल्या एन्झाइमची असते, पण ती ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं फवारणाऱ्यांच्या कामाची, बुरशीनाशकाला उपयोग नाही. डॉक्टरकडं जाताना पाकीट घेऊन जा, नाव सांगून कुणाला कळत नाही.

वैद्य_होतोय: पॅरासेल्ससच्या कितीतरी आधी चरकसंहितेत सूत्रस्थानात हेच आहे, नीट योजलं तर जहाल विष पण उत्तम औषध होतं आणि चुकीचं योजलं तर औषधाचं विष. बीएएमएसला अगदतंत्र म्हणून विषाचा अख्खा विषयच आहे. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेवर जे ॲट्रोपिन टोचतात ते बेलाडोना या झाडातलं, आपल्या धोतऱ्यात पण असतं, आणि ते स्वतः विषच.

कृष्णाकाठ: भावा एक विचारतो, आप्पांना बीपीची गोळी चालू आहे का? असली तर मिठावरच धर त्यांना. एका बसणीला मीठ खाऊन मेलेला माणूस गावात दाखवा म्हणावं. तरी डॉक्टर रोजचं मीठ कमी करायला लावतोच की. आणि तंबाखूतलं निकोटीन शुद्ध काढलं तर लाल त्रिकोणात बसंल, ते पण सांग.

धागाकर्ता: गोळी चालू आहे, सहा वर्षं झाली 😀 काल रात्री सांगितलं. तंबाखूचं ऐकून घेतलं नाही. मिठाचं ऐकून गप बसले आणि ताटातलं लोणचं आईकडं सरकवलं. सकाळी बॅरलाजवळ बांबूची काठी दिसली कालवायला. ग्लोव्हज अजून खुंटीलाच आहेत, बहुतेक साईज लहान आलीय. त्यांच्या हाताच्या मापाचे जाड, कोपरापर्यंतचे सांगलीत कुठं मिळतील?