दहशतवादाशी लढणं हे युद्ध की पोलिसी काम?

रातवा:
मोठा हल्ला झाला की दुसऱ्या दिवसापर्यंत कोणीतरी "हे युद्ध आहे" म्हणतंच. संताप समजू शकतो. पण त्या एका वाक्याने बरंच काही ठरून जातं: कोणाला मारायचं, कोणाला धरायचं, धरलेल्याला किती वर्षं ठेवायचं आणि हे सगळं संपलं असं जाहीर कोणी करायचं. माझं मत आधीच सांगून टाकतो. हे काम मुळात पोलिसांचं. सैन्य लागतं, पण जिथे वॉरंट घेऊन जाताच येत नाही तिथे, आणि तेवढ्यापुरतंच.

पेरूमध्ये 'शायनिंग पाथ' या माओवादी बंडखोर संघटनेने १९८० पासून उच्छाद मांडला होता. लष्कर उतरवलं, डोंगरातली गावंच्या गावं दोन्हीकडून भरडली गेली. नंतरच्या सत्यशोधन आयोगाने बळींचा अंदाज सुमारे ६९ हजार दिला. म्होरक्या आबिमाएल गुझमान मात्र हाती लागेना. त्याला धरलं ते पोलिसांच्या एका छोट्या पथकाने. राजधानी लिमामध्ये एक नृत्यशिक्षिका राहत होती. एकटीच असते म्हणायची, पण एका माणसाच्या मानाने घरातून कचरा फार निघायचा. पोलीस तो कचरा उपसत बसले. त्यात सोरायसिस या त्वचारोगाच्या मलमाच्या रिकाम्या ट्यूबा सापडल्या (गुझमानला तो त्रास होता), आणि त्याच्या आवडत्या सिगारेटची थोटकं. १२ सप्टेंबर १९९२ ला छापा पडला आणि वरच्या मजल्यावर साहेब सापडले.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. युद्धात शत्रूचा सैनिक मारणं हा खून नसतो. धरलेला सैनिक युद्धकैदी ठरतो आणि युद्ध संपलं की घरी जातो. उत्तर आयर्लंडमध्ये १९७६ साली ब्रिटनने आयआरएसारख्या सशस्त्र संघटनांच्या नव्या कैद्यांचा विशेष, जवळपास युद्धकैद्यासारखा दर्जा काढून घेतला. त्यांनी कैद्याचे कपडे नाकारले, नुसत्या घोंगड्या पांघरून राहिले, आणि १९८१ च्या उपोषणात दहा जण मेले. आम्ही गुन्हेगार नाही, हे सरकारकडून वदवून घेण्यासाठी. जे ते जीव देऊन मागत होते ते आपण रागाच्या भरात फुकट का द्यायचं?

सडेतोड:
पेरूची गोष्ट छान रंगवलीत, पण अर्धीच. डोंगरात लष्कर आणि गावकऱ्यांची सशस्त्र पथकं लढत होती म्हणून ती संघटना खिळखिळी झाली. आणि धरल्यावर गुझमानला उभं कुणापुढे केलं? चेहरे झाकलेल्या लष्करी न्यायाधीशांपुढे. पुढे ते रद्द होऊन नागरी न्यायालयात पुन्हा खटला चालला, २००६ मध्ये निकाल लागला, हे खरं. पण ऐन वेळी तुमचं ते पोलिसी काम तिथे कुठेच नव्हतं.

आता वॉरंटचं. ऑगस्ट १९९८ मध्ये नैरोबी आणि दार-ए-सलाममधल्या अमेरिकी वकिलातींवर हल्ले झाले, २२४ माणसं गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात बिन लादेनवर रीतसर आरोप ठेवले गेले. पुढच्या वर्षी सुरक्षा परिषदेने ठराव १२६७ करून तालिबानला त्याला हवाली करायला सांगितलं. सगळे कागद तयार होते. बजावणार कोण, कंदाहारचा हवालदार? नंतर २००१ साली काय झालं ते सांगायला नको.

आणि इराकमधलं मोसुल? जून २०१४ मध्ये आयसिसने अख्खं शहर घेतलं. कर वसूल करत होते, न्यायालयं चालवत होते. ते सोडवायला नऊ महिने घरोघरी लढाई करावी लागली. तिथे पंचनामा करणार होतात का?

रातवा:
मोसुलबद्दल मतभेद नाहीच, पहिल्या परिच्छेदात तेच लिहिलंय. माझी तक्रार पुढची आहे. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने आठवड्याभरात लष्करी बळाची परवानगी दिली, ती ११ सप्टेंबरच्या हल्लेखोरांसाठी आणि त्यांना थारा देणाऱ्यांसाठी. पुढे तीच परवानगी आयसिसविरुद्धही दाखवली गेली. म्हणजे २०१४ मध्ये अल-कायदाने जिच्याशी संबंध तोडले त्या संघटनेविरुद्ध! मुदत नसलेल्या परवानगीचं असंच होतं.

आकडेमोड:
रँड या अमेरिकी संशोधन संस्थेचा दहशतवादी संघटना कशा संपतात यावरचा २००८ चा अभ्यास इथे द्यायलाच हवा. १९६८ ते २००६ मधल्या ६४८ संघटना तपासल्या. संपलेल्यांपैकी ४३ टक्के राजकारणात आल्या, ४० टक्के पोलीस आणि गुप्तचरांनी संपवल्या, सैन्याने फक्त ७ टक्के.

सडेतोड:
त्या मोजणीत मूठभर माणसांची टोळी एक आणि हजारोंचं सैन्यही एकच. मोठ्या बंडखोर संघटनांविरुद्ध लष्कर जास्त उपयोगी पडतं, हेही त्याच अहवालात आहे. तेही टाका की राव.

उलटतपासणी:
चूक झाल्यावर काय, हे कोणीच बोलत नाहीये. २९ ऑगस्ट २०२१ ला काबूलमध्ये अमेरिकी ड्रोनने एक गाडी उडवली. माणूस काहीतरी जड उचलून गाडीत ठेवत होता, वरून ती स्फोटकं वाटली. पाण्याचे कॅन होते, आणि तो मदतसंस्थेत नोकरीला होता. दहा मेले, त्यात सात मुलं. एखाद्या तपास अधिकाऱ्याने गाडी थांबवून डिकी उघडली असती तर?

सडेतोड:
बर्मिंगहॅमच्या १९७४ च्या स्फोटांसाठी पोलिसांनीच सहा निरपराध माणसांना अडकवलं होतं. सोळा वर्षं आत. तुमचा तपास अधिकारी काही देव नाही.

उलटतपासणी:
नाहीच. पण ते सहा जण १९९१ मध्ये जिवंत बाहेर आले, कारण प्रकरण पुन्हा उघडायला न्यायालय होतं (आणि ब्रिटनमध्ये फाशी बंद झाली होती). २६/११ च्या खटल्यातही तेच: कसाबला फाशी, आणि त्याच निकालात दोन सहआरोपी पुराव्याअभावी मोकळे. ड्रोनच्या निर्णयावर अपील कुठे करायचं?

सडेतोड:
ठीक. मग एवढंच सांगा, एखादं सरकारच हल्लेखोरांना पोसत असेल तर तुमचे पोलीस काय करणार?

रातवा:
स्कॉटलंडमधलं लॉकरबी. डिसेंबर १९८८, बॉम्बने प्रवासी विमान हवेत फुटलं, २७० ठार. तपास पथकांनी शेकडो चौरस मैल रानं विंचरली. बॉम्बच्या बॅगेतल्या जळक्या कपड्यांच्या चिंध्या माल्टातल्या एका दुकानापर्यंत घेऊन गेल्या आणि तिथून धागा लिबियाला लागला. तिथला हुकूमशहा गद्दाफी दोघा संशयितांना द्यायला तयार नव्हता. संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध लावले, १९९९ मध्ये त्याने दिले. नेदरलँड्समध्ये स्कॉटिश न्यायालय बसलं, एक दोषी ठरला, एक सुटला.

सडेतोड:
खटला उभा राहायलाच अकरा वर्षं, आणि दोषी एक. मेलेल्यांच्या घरच्यांना जाऊन सांगा.

रातवा:
अकरा वर्षं जास्तच आहेत, वाद नाही. पण त्याच लिबियावर अमेरिकेने बॉम्बफेक करून पाहिली होती, एप्रिल १९८६ मध्ये, बर्लिनच्या डिस्कोतल्या स्फोटानंतर. लॉकरबी झालं ते त्यानंतर अडीच वर्षांनी.