महमूद गवान खोट्या पत्राने मेला की स्वतःच्या सुधारणांनी?

धागाकर्ता:
बहमनी वजीर महमूद गवान म्हटलं की आपल्याला ठरलेली स्टोरी माहीत असते, हुशार वजीर, जळके दरबारी, खोटं पत्र, दारुड्या सुलतानाने उडवलं डोकं. मला हे फार सोपं वाटतं. इराणच्या गिलानमधला व्यापारी दाभोळला उतरतो काय, बिदरला जाऊन चढत चढत मुख्य वजीर होतो काय, 1472 मध्ये विजयनगरकडून गोवा घेतो, मदरसा बांधतो, इथपर्यंत सगळे खूश. मग त्याने मोठमोठ्या सरदारांच्या पोटावर पाय दिला. चार तरफांचे, म्हणजे प्रांतांचे, आठ तुकडे केले, दौलताबादमधून जुन्नर काढलं, वऱ्हाडचे गाविल आणि माहूर असे दोन भाग केले, वर प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला, बाकीच्यांवर किल्लेदार थेट सुलतानाचे. आणि हे सगळं करणारा स्वतः आफाकी, म्हणजे बाहेरून आलेला. दख्खनी सरदार गप्प बसतील असं त्याला वाटलंच कसं? पत्र नसतं तर दुसरं काहीतरी निघालं असतं.

खवचट खान:
म्हणजे मारणारा राहिला बाजूला आणि मेलेल्याचीच चूक, वा! जरा प्रसंग बघा ना. गवानचा शिक्का सांभाळणाऱ्या गुलामाला फितवून कोऱ्या कागदावर शिक्का मारून घेतला, त्यावर ओरिसाच्या राजाला 'चढाई करा' असा मजकूर लिहिला. सुलतानाने विचारलं, गद्दाराला शिक्षा काय? गवान म्हणाला, तलवार. मग कागद पुढे केला तर म्हणतो शिक्का माझा आहे, पत्र माझं नाही. एवढं ऐकून निदान चौकशी तरी करशील की नाही? 5 एप्रिल 1481 ला कोंडापल्लीच्या छावणीत तिथल्या तिथे मारलं. सत्तरी पार केलेला म्हातारा हो. नंतर खजिना शोधायला गेले तर हाताला फारसं काही लागलं नाही, कमाई दानधर्मात जायची आणि स्वतः मातीच्या भांड्यात जेवायचा असं इतिहासकार फरिश्ता लिहितो.

कोकण्या:
दोघांनाही साष्टांग. आमच्याकडे तो संत वगैरे नाही बरं का. खेळणा म्हणजे आताचा विशाळगड, तिथे आणि संगमेश्वरच्या राजाविरुद्ध त्याने जी मोहीम चालवली ती जंगलं तोडत, गडांना वेढे घालत चालवली. आधीचा एक मलिक-उत्-तुज्जार, हीच पदवी पुढे गवानला मिळाली, त्याच रानात फौजेसकट कापला गेला होता, त्याचा हिशोबही चुकवायचा होताच की. मातीची भांडी ठीक आहे पण आमच्या मुलखाला त्याचा काय उपयोग!

धागाकर्ता:
@खवचट खान, सुलतान निर्दोष आहे असं मी कुठे म्हटलं? मुद्दा असा की कटाचा म्होरक्या तेलंगणाचा तरफदार मलिक हसन बहरी, आणि तेलंगणाचे दोन तुकडे केल्यावर त्याच्याकडे राजमहेंद्री तेवढी उरली. आता सांगा, राग पत्रातून आला की तरफेतून? आणि गवानचा खास माणूस युसूफ आदिलखान नेमका तेव्हा मोहिमेवर बाहेर. इतके शत्रू करून ठेवायचे आणि दरबारात आपलं माणूस नाही, याला राजकारण म्हणत नाहीत.

खवचट खान:
मग मलिक हसनचं काय झालं तेही सांगा की. गवानच्या जागी आला, एका वर्षात सुलतान गेला, नव्या पोरसवदा सुलतान महमूदशाहच्या नावाने यानेच कारभार हाकला आणि 1486 मध्ये याचाही खून. त्याने कुठे तरफा तोडल्या होत्या? वजीर कोणीही असो, दख्खनी-आफाकी भांडण मिटवणारा सुलतानच नव्हता तिथे.

कोकण्या:
त्यात गंमत बघा, सरदार डोईजड होऊ नयेत म्हणून ज्या जुन्नरची वेगळी तरफ केली तिथूनच मलिक हसनचा पोरगा अहमद पुढे स्वतंत्र झाला आणि निजामशाही उभी राहिली. तिकडे विजापूरही वेगळंच काढलेलं, ते गेलं युसूफ आदिलकडे. आता सुधारणा फसली म्हणायची का माणूस मारला म्हणून फसली, तुम्ही दोघं बसा भांडत.